मागचा डावा खांदा

निर्मळ
४ मार्च २००१, रविवार

बेसिल,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. चार वर्षांत तुला पत्र घातलं नाही आणि आजही घातलं नसतं. पण मिस्सा झाल्यावर जॉनकाकांनी देवळाच्या पायरीवर मला अडवलं. म्हणाले, "आग्नेस, हे चौथं वर्ष. भावाला कळव."

कशाचं चौथं वर्ष, ते तुला आठवत असेल असं मी धरून चालत नाही. बहरीनच्या एसीत माणसाच्या डोक्यातलं बरंच काही गोठत असणार. म्हणून माझ्या चौथीच्या पोरांना सांगते तसं सांगते, नीट ऐक. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत प्रभूची मूर्ती ठेवलेली लाकडी खाट आपल्या आळीतली चार घरं उचलतात. मागचा डावा खांदा आपल्या घराचा. बाबांच्या आधी आजोबांचा, त्यांच्या आधी कोणाचा ते देवाला ठाऊक. घरात पुरुष नसेल तर तीन वर्षं उसना माणूस चालतो. चौथ्या वर्षी घरचं रक्त उभं राहिलं नाही, तर खांदा शेजारच्या घराला जातो. एकदा गेला की परत मिळत नाही. बाबा सत्याण्णवच्या मे महिन्यात गेले. बोटं मोज आणि बघ.

शेजारचं घर म्हणजे फ्लॉसीचं. फ्लॉसी बाई म्हणून चांगली आहे, पण तिचा मुलगा! मिस्सा चालू असताना देवळाबाहेर मोटरसायकलला टेकून उभा असतो. त्याच्या खांद्यावर बाबांचा मान जाणार. बायकांना खांदा देता आला असता तर मी तुला विचारलंही नसतं. बाबांची खाटसुद्धा मीच उचलली असती, तू विमानातून उतरायच्या आत.

तू यावंस अशी माझी काही इच्छा नाही. बाबांच्या सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर तू सगळ्यांसमोर सांगितलंस, "कळंबची सुरूची वाडी मी अल्पेशला रिसॉर्टसाठी भाड्यानं दिलीय." बहिणीला विचारलंही नाहीस. मग बॅग उचललीस आणि चालता झालास. त्यावर मला काही बोलायचं नाही. घराच्या मानाचा प्रश्न आहे म्हणून विचारते. हो की नाही, एवढंच कळव. कारणं नकोत, तुझी कारणं मला पाठ आहेत.

आग्नेस


निर्मळ
२५ मार्च २००१

बेसिल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढच्या बाजूला उंच इमारतीचा फोटो, मागे दीड ओळ. "हो. येतो. ९ ते १६ एप्रिल. तुला त्रास नको म्हणून अल्पेशकडे रूम बुक केलीय."

रूम बुक केलीय! स्वतःच्या गावात! पोस्टमननं वाचलं, त्याच्या बायकोनं वाचलं, आता आळीभर झालंय. फ्लॉसीनं मला दोनदा विचारलं, "घरात जागा नाही का गं?" मी म्हटलं, त्याच्या बायकोला गरम पाण्याचा नळ लागतो.

बरं, पाहुणा म्हणून येतोच आहेस, तर कुठे येतोयस ते ऐकून ठेव. बाबांच्या वाडीच्या तोंडाशी आता सिमेंटची कमान आहे. वसईच्या किल्ल्यासारखी दिसावी म्हणून अल्पेशनं ती मुद्दाम फुटकी बांधून घेतली, वर काळा रंग मारला आणि लिहिलं, 'पोर्तुगीज व्हिलेज'. खाली, 'प्युअर व्हेज, जैन फूड मिळेल'. पोर्तुगीजांना कळलं असतं तर लढाईशिवायच पळाले असते. आत पोहायचा तलाव आहे. पन्नास पावलांवर अख्खा समुद्र पडलाय, आणि ही माणसं क्लोरीनच्या पाण्यात म्हशींसारखी बसून राहतात. संध्याकाळी 'रेन डान्स'. मार्च सरता सरता आपल्या विहिरी तळाला जातात, बायका टँकरची वाट बघत उभ्या राहतात, आणि तिथे पत्र्याच्या नळ्यांतून खोटा पाऊस पाडून सुटलेली पोटं नाचवतात. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग पार आपल्या तळ्यापर्यंत येते. काचा खाली करून विचारतात, "आँटी, बीच किधर है?" नाक वर करून हवेचा वास घेतला तरी कळेल, पण नाक त्यांना फक्त सुकत घातलेले बोंबील बघून मुरडायला दिलंय.

परवा एकीनं मला रस्त्यात थांबवलं. "तुम्ही लोक गोव्याहून आलात का?" मी म्हटलं, "नाही, आम्ही इथेच होतो. तुम्ही कुठून आलात?" तर म्हणे, "हाऊ स्वीट," आणि माझा फोटो काढला. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं नोकरी केली ती काय सहलीला आलेल्यांच्या आल्बमात जायला?

यंदा गुड फ्रायडेला जोडून शनिवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी. तीन दिवस सलग. अल्पेशनं जानेवारीतच बोर्ड लावलाय, 'गुड फ्रायडे धमाका'. वाचून घे पुन्हा. धमाका! आपल्याकडे त्या दिवशी देवळाची घंटासुद्धा वाजवत नाहीत, लाकडी फळी वाजवतात. आणि तुझ्या भाडेकरूचा धमाका.

तुझं नाव मी जॉनकाकांना दिलं. त्यांनी वहीत लिहिलं, दोनदा वाचून दाखवलं. आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, संध्याकाळपर्यंत नाव बदलता येतं, त्यानंतर नाही. खांदेकऱ्याचे नियम तुला ठाऊक आहेत. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस दारू नाही, शुक्रवारी सूर्य उगवल्यापासून अन्न नाही, पायात काही नाही. पाळशील न पाळशील, तुझं तू बघ.

आग्नेस


निर्मळ
१० एप्रिल २००१, मंगळवार
(पांडूच्या हाती)

बेसिल,

कळंब ते निर्मळ किती लांब आहे? सायकलीवर पाव तासाचा रस्ता, आणि तुला मी चिठ्ठी पाठवतेय. अल्पेशचा माळी पांडू ही घेऊन येईल. हा तोच पांडू, जो बाबांच्या हाताखाली वाडीत काम करायचा. आता तो सुरूच्या मुळाशी बाटल्या वेचतो.

काल सकाळी उतरलास. काल दुपारी किल्ला पाहिलास, ही बातमी मला फ्लॉसीकडून कळली. तिचा मुलगा तिथून येत होता. तुझ्या गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी, पुढे भाड्याचा गाइड, आणि तू मान डोलावत त्याचं ऐकतोयस! अरे, त्या पडक्या चर्चमध्ये शाळेच्या सहलीला मीच तुला हात धरून नेलं होतं. जमिनीवरचे थडग्यांचे दगड बघून तू रडायला लागलास, तेव्हा माझ्या पदराआड लपला होतास. आता गाइड लागतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आज तुझी मेलिसा येऊन गेली, मुलीला घेऊन. रिक्षा बाहेर उभीच ठेवली होती. खजुराचा डबा आणला. मी ओट्यावरच खुर्ची दिली. ती घाम पुसत म्हणाली, "तुमचं घर किती छान आहे, एकदम हेरिटेज."

मी म्हटलं, "हेरिटेज नाही, कौलं बदलायची राहिलीत."

मुलगी आतल्या दरवाजातून डोकावत होती. मेलिसा हळूच म्हणाली, "बेसिल बोलतो, आग्नेसनं बोलावलं की जाऊ."

"स्वतःच्या घरी यायला आता पत्रिका छापू का?" मी विचारलं.

"तसं नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त एकदा बोलवा ना."

वांद्र्याची माणसं! घराला आमंत्रण मागतात. मी तिला चहा दिला, खजुराबद्दल आभार मानले आणि रिक्षापर्यंत पोचवलं. तुझी मुलगी चुणचुणीत आहे. तिला मराठी येत नाही. मी नाव विचारलं तर आईकडे बघायला लागली. हे तुझं कर्तृत्व.

शुक्रवारी दुपारी तीनला प्रार्थना सुरू होते. खाट साडेपाचला उचलतात. तू आधी येऊन जॉनकाकांना भेट. मला भेटायची गरज नाही.

आग्नेस


निर्मळ
१४ एप्रिल २००१, शनिवार सकाळ
(पांडूच्या हाती)

बेसिल,

काल तुझा खांदा लागला नाही. लागू दिला नाही, असं म्हण हवं तर.

गुरुवारी चारच्या सुमारास माझं कळंबच्या बाजूला काही काम होतं. तुझ्या त्या पोर्तुगीज व्हिलेजच्या कुंपणावरून जात होते. कर्णा इतका मोठ्यानं लागला होता की काळीज हलत होतं. बघते तर काय, खोट्या पावसात पंधरा-वीस उघडीबंब माणसं उड्या मारतायत आणि मधोमध तू. अर्ध्या चड्डीत. एका हातात लाल पेला. मुलीला खांद्यावर बसवलं होतंस, डाव्याच. पवित्र गुरुवारी! ज्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात त्या दिवशी! चाळीस दिवस दारू शिवायची नाही, आणि तुझा पेला उन्हात चमकत होता.

मी हाक मारली नाही. मारली असती तरी त्या गोंगाटात कोणाला ऐकू येणार होती? सरळ जॉनकाकांकडे गेले आणि म्हटलं, "आमच्या घराचं नाव खोडा."

ते म्हणाले, "आग्नेस, विचार कर. उद्या सकाळी पस्तावशील."

मी म्हटलं, "अशा खांद्यावर प्रभूला द्यायचं, त्यापेक्षा फ्लॉसीच्या पोराला द्या. तो निदान मोटरसायकलवर कपडे घालून बसतो."

त्यांनी खोडलं.

तुला कळवायची मला गरज वाटली नाही. येणारच नव्हतास तू. चारशे माणसं चालली काल. मी पुढे बायकांत मेणबत्ती घेऊन होते, दीड तास. मागे वळून बघायचं नसतं, बाबांनी लहानपणीच सांगितलंय, आणि बघायचं होतंच काय? तू त्या वेळी वडापाव खात असशील. तुझ्या भाडेकरूनं मात्र मिरवणूक फाट्यावरून जाईपर्यंत कर्णा बंद ठेवला होता. त्या परक्या माणसाला कळलं, तुला कळलं नाही. गाढवाला गुळाची चव काय!

तर आता सुटलास. खांदा गेला, वाडी आधीच गेली होती. इथे तुझं काही उरलं नाही. सोमवारी विमानात बस आणि पुढच्या वेळी गोव्याला जा. तिथे रिसॉर्टं जास्त चांगली आहेत म्हणतात.

आग्नेस


निर्मळ
१६ एप्रिल २००१, सोमवार

प्रिय बेसिल,

हे पत्र बहरीनच्या पत्त्यावर टाकतेय. शनिवारची चिठ्ठी पांडूनं तशीच परत आणली. म्हणाला, "शेट गेले, बाई. सकालीच गेले. खोली सोमवारपर्यंत होती, तरी गेले." मला वाटलं, तोंड दाखवायला लाज वाटली असेल. ती चिठ्ठी फाडणार होते. पण फाडली तर मी काय लिहिलं होतं ते पुढे आठवताना मलाच गोड वाटायला लागेल. म्हणून सोबत जोडलीय. वाच.

काल ईस्टरच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात फ्लॉसीनं माझा हात धरला आणि बाजूला नेलं. म्हणाली, "शुक्रवारपासून सांगायचं होतं गं, तोंड उघडेना. आमच्या पोराचाच खांदा होता ना." आणि मग तिनं सांगितलं.

तू आला होतास.

तीन वाजायच्या आधी आलास. पांढरा सदरा, पांढरी पँट, कळंबपासून अनवाणी. जॉनकाकांसमोर जाऊन उभा राहिलास. ते म्हणाले, "बाळा, तुझ्या बहिणीनं काल नाव काढून घेतलं." फ्लॉसी म्हणते तू एवढंच विचारलंस, "ती आलीय का?" त्यांनी पुढे बायकांकडे बोट दाखवलं. तू बघितलंस आणि मान हलवलीस. फ्लॉसीचा मुलगा स्वतः तुझ्याकडे आला. "तुम्ही घ्या," म्हणाला. ज्या पोराला मी नावं ठेवत होते, तो! तू त्याला म्हणालास, "वहीत तुझं नाव आहे, उचल." आणि सगळ्यात शेवटी जाऊन उभा राहिलास. पुरुषांच्याही मागे, म्हाताऱ्यांच्या मागे.

बेसिल, दीड तास तू माझ्या मागे चालत होतास आणि मी पुढे मनातल्या मनात तुला शिव्या घालत प्रार्थना म्हणत होते.

घरी डोकावून मी तशीच कळंबला गेले. ईस्टरचं जेवण डब्यात भरलं होतं, कोणासाठी ते मला अजून सांगता येत नाही. तू गेल्याचं मला माहीत होतं. कमानीपाशी गणवेशातल्या माणसानं अडवलं, "मॅडम, बुकिंग आहे?" बाबांनी ज्या वाडीत प्रत्येक सुरू हातानं लावला तिथे मला बुकिंग विचारलं. मी म्हटलं, "नाही." पांडूनं बघितलं, तो धावत आला आणि मला मागच्या बाजूनं आत घेऊन गेला. शहाळं फोडून दिलं. मी काही विचारलं नव्हतं, तोच बोलत होता.

"शेट रोज पहाटे रेतीत अनवानी चालायचे, बाई. पाय फुटले होते. मी म्हनलं, शेट, चपला घाला. तर म्हनले, पांडू, पंधरा वर्सं बुटातच गेली, शुक्रवारी मधेच बसलो तर ताई काय म्हनेल?"

गुरुवारी मला कुंपणापाशी त्यानं बघितलं होतं, म्हणून आपण होऊन आणखी सांगितलं. पेल्यात कोकम सरबत होतं. त्या पावसात तू पाच मिनिटंच होतास, मुलगी हट्ट करत होती म्हणून. आणि शुक्रवारी दुपारी कर्णा बंद ठेवायला अल्पेशला तूच सांगितलंस. तो ऐकेना तेव्हा म्हणालास, पुढच्या वर्षी वाडी द्यायची की नाही ते मी ठरवतो. हे मी परक्या माणसाच्या नावावर लिहून तुला हिणवलं होतं.

आता माझं ऐक. मी या पत्रांतून खोटं लिहिलंय.

गुरुवारी कळंबला माझं काही काम नव्हतं. बाबा खाटेखाली खांद्यावर घ्यायचे तो पंचा मी धुऊन, इस्त्री करून तुला द्यायला आणत होते. मनात ठरवलं होतं, पंचा द्यायचा आणि म्हणायचं, आजच घरी चल, बायको-पोरीला घेऊन. कुंपणापाशी आले, तुला हसताना बघितलं आणि माझं पित्त खवळलं. मी इथे चार वर्षं रिकाम्या घरात तुझ्या नावानं जळतेय आणि तू हसतोयस, एवढंच मला दिसलं. दारू, पवित्र गुरुवार, ही सगळी मी नंतर लावलेली कारणं. पंचा पिशवीत घेऊन जॉनकाकांकडे गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, आळीत माझ्याबद्दल म्हणतात ते काही उगाच नाही.

आणि दुसरं खोटं, मोठं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की सातव्या दिवशी तू बॅग उचललीस आणि चालता झालास. तू आपण होऊन गेला नव्हतास. मी तुला घालवलं. सगळ्या आळीसमोर, ओट्यावर उभी राहून. म्हणूनच तू रूम बुक केलीस. मेलिसा माझ्याकडे पत्रिका मागत नव्हती, तेवढे शब्द परत घे म्हणत होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. कळूनही मी तिला चहा पाजून वाटेला लावलं.

खांदा आता फ्लॉसीच्या घरचा झाला. आज सकाळी जॉनकाकांकडे जाऊन मी हात जोडले. ते म्हणाले, "आग्नेस, मी जिवंत आहे तोवर नियम मोडणार नाही, आणि तुझ्यासाठी तर मुळीच नाही." बरोबर बोलले. आजोबांपासून चालत आलेला मान घालवला तो मी. तू अनवाणी आलास, आणि मी तुझ्या हातचा काढून घेतला. संध्याकाळी आळीत क्रुसापाशी रोजरीला सगळे जमले होते. प्रार्थना संपल्यावर मी उभी राहिले आणि हे सांगितलं. फ्लॉसी रडायला लागली.

आता राहिलं ते एकच. सत्याण्णव साली मी ओट्यावरून तुला बोलले ते शब्द इथे लिहिते, शब्द न् शब्द, कारण चूक पूर्ण लिहिल्याशिवाय खोडता येत नाही, मी पोरांनाही तसंच शिकवते.

"आजपासून तू या घरचा नाहीस. या उंबऱ्यात पाय ठेवलास तर मी विहिरीत उडी घेईन."

वरच्या दोन्ही ओळींवर मी तांबड्या शाईनं काट मारलीय. दिसतेय ना?

आता ये. तिघं या. पण येतो म्हणून आधी पत्र घालू नकोस. तुझं पत्र आलं की मी उत्तराला बसते, आणि उत्तराला बसले की मी कशी लिहिते ते तू बघितलंयसच. सरळ दारात येऊन उभा राहा.

तुझी
आग्नेस